अंगणवाडीतल्या मुलाला इंग्रजी: आधी हिशेब, मग पेरा

हिवरे बाजार या गावात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापकावर नोंदलेला पाऊस, विहिरींची पातळी, माणसांना आणि जनावरांना वर्षभर लागणारे पाणी अशी बेरीज-वजाबाकी ग्रामसभेपुढे येते आणि मगच रब्बीला काय घ्यायचे ते ठरते. वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या या गावाने ऊस आणि केळी ही पिके वर्ज्य केली आहेत. पीक वाईट म्हणून नव्हे, ते आपल्या पाण्यात बसत नाही म्हणून.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी शिकवायचे ठरवलेल्या पालकांना मी हाच ताळेबंद आधी मांडायला सांगतो. मुलाला इंग्रजी यावे हे आपण ठरवलेच आहे, तेव्हा त्याची चर्चा नको. प्रश्न एवढाच की कुठून सुरू करायचे, रोज किती करायचे आणि काय पुढे ढकलायचे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलालाही सहाव्या वर्षी ती भाषा भेटणारच आहे. त्याआधीची तीन वर्षे आपल्या हातात आहेत आणि त्या वर्षांचे काम कान तयार करण्याचे आहे. पाटी-पेन्सिलीचे काम पुढे येईल.

1. तीन दिवसांची नोंद करा

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलाचा दिवस लिहून काढा. सलग तीन दिवस, जसा गेला तसा. झोप किती, अंगणवाडीत किती वेळ, जेवणे, अंघोळ, मातीत खेळणे, आजीजवळ बसणे, मोबाईल. या वयाच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेला हा आकडा तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच सूचनांत पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत, आणि जितका कमी तितका बरा, असे सांगितले आहे.

झोप, जेवण, मोकळा खेळ आणि घरातल्या गप्पा एवढे राखीव ठेवले की उरते ते इंग्रजीचे पाणी. बहुतेक घरांत दिवसाला वीस मिनिटे निघतात, तीही दहा-दहाच्या दोन हप्त्यांत. तेवढी पुरेत. मोबाईलच्या वेळातून ती काढता आली तर उत्तम. आजीच्या गोष्टीच्या वेळातून मात्र काढू नका. ती रक्कम कुठून वळवली हे वर्षभराने मुलाच्या मराठीत दिसते.

2. कान तपासून घ्या

मूल हाका मारल्यावर दरवेळी वळत नसेल, टीव्हीचा आवाज सतत मोठा करत असेल, वारंवार कान फुटत असेल किंवा तीन वर्षांचे होऊनही त्याचे बोलणे परक्या माणसाला फारसे कळत नसेल, तर नवी भाषा थांबवा आणि तपासणी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासते. त्या दिवशी मूल घरी राहू देऊ नका आणि आपली शंका डॉक्टरांना तोंडाने सांगा, नुसत्या तपासणीवर सोडू नका. गरज असेल तर ते पुढे जिल्हा पातळीवर पाठवतात. तिथे श्रवणाची चाचणी होते आणि वाचा-उपचार, म्हणजे बोलणे सुधारण्याचे प्रशिक्षण, मिळू शकते.

दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलू लागते हा समज खरा नाही. पण बोलण्यात खरोखरच उशीर असेल तर तो दोन भाषांच्या गोंगाटात झाकला जातो. म्हणून ही पायरी दुसरी ठेवली आहे.

3. मराठी भरून घ्या

हा मुद्दा पालकांना सर्वांत अनावश्यक वाटतो. "मराठी काय, येतेच की घरात." येते, पण किती येते ते बघा. चार वर्षांचे मूल संध्याकाळी सांगते, "काल आपली कालवड सुटली ना, मग ती कांद्यात घुसली, मग आप्पा पळाले, मग आईनं तिला पेंड दाखवली म्हणून ती आली." या एका वाक्यात क्रम आहे, कारण आहे, काल आणि आज यांतला फरक आहे, दाखवलेले आमिष आहे. ही सगळी रचना त्याच्या डोक्यात तयार झाली आहे. उद्या इंग्रजीत 'बिकॉज' हा शब्द आला तर त्याला चिकटायला जागा आहे. ज्या मुलाला मराठीत "म्हणून" वापरता येत नाही त्याला 'बिकॉज' पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

रोज करायच्या गोष्टी तीन. एक, दिवसात घडलेली एखादी गोष्ट त्याच्याकडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, मध्ये पुरी करून देऊ नका. दोन, वस्तूंची नेमकी नावे वापरा. सगळ्याच झाडांना 'झाड' म्हणू नका; बाभूळ, लिंब, बोर असे म्हणा. कडबा वेगळा, गवत वेगळे, भुसा वेगळा. तीन, एक गोष्ट रोज, पुस्तकातून किंवा तोंडी. तीच ती पंधरा दिवस मागितली तरी सांगा. आपल्याला कंटाळा येतो, त्याचे काम चालू असते.

घरातली बोली सुधारायला जाऊ नका. मूल "व्हतं" म्हणाले तर आपण पुढच्या वाक्यात सहज "होतं" म्हणा आणि पुढे चला. "असं बोलू नये, शाळेत हसतील" हे वाक्य घरात उच्चारलेच जाऊ नये. ते ऐकलेले मूल मराठीत गप्प बसते आणि मग इंग्रजीतही.

ही समज आजची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बालवाडीत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच बालवाडी न्यायची, तिथली पाने, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य आणि मुलांची बोली हीच सुरुवात, अशी ती पद्धत होती. आज आपण 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी म्हणून वापरतो. त्यातले 'अंगण' तिथून आले आहे.

4. तोंडात आधीच असलेले इंग्रजी गोळा करा

नवा शब्द शिकवण्याआधी जुने मोजा. मोटर, पाईप, ट्रॅक्टर, डेअरी, फॅट, लाईट, बल्ब, ड्रीप, बस, स्टॅंड, गेट, मोबाईल, चार्जर, ग्लास, बॉटल, बिस्कीट. शेतकऱ्याच्या घरातले चार वर्षांचे मूल असे पंचवीस-तीस शब्द रोज वापरते आणि त्याला ते इंग्रजी आहेत हे ठाऊकही नसते. आठवडाभर ऐकून यादी करा. आपले पहिले शब्द हेच. मुलाला कळलेल्या वस्तूपासून सुरुवात होते आणि 'ए फॉर ॲपल' पासून सुरू करण्याची गरज उरत नाही. सफरचंद आपल्या वावरात नाही. पाईप रोज पायात येतो.

5. एक वेळ आणि एक जागा ठरवा

द्विभाषिक घरांत दोन पद्धती चालतात. पहिलीत एक माणूस कायम एकच भाषा बोलतो: आई मराठी, वडील इंग्रजी. जिथे एकाची ती रोजची भाषा आहे तिथे हे जमते. आपल्याकडे चार दिवसांनी ते नाटक होते. दुसरी पद्धत वेळेची: ठराविक वेळी, ठराविक जागी सगळ्यांनी थोडे इंग्रजी बोलायचे, वेळ संपली की मराठी. गावातल्या घराला ही सोयीची.

वेळ अशी निवडा की हातात काम असेल. हिवरे बाजारात चराईबंदी आहे, त्यामुळे गायी गोठ्यातच बांधलेल्या असतात आणि सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी घरातले एखाददुसरे माणूस तिथे हमखास असते. ही जागा मला वर्गापेक्षा चांगली वाटते. समजा, काका बादली धुतो आहे. तो म्हणतो, "ब्रिंग द बकेट." आणि बादलीकडे बोट करतो. मूल बादली ओढत आणते. "गुड. नाऊ ब्रिंग द मग." ते मग आणते. "पुट इट हिअर." ठेवते. "इज द बकेट फुल?" काका आत वाकून बघतो आणि स्वतःच म्हणतो, "नो. नॉट फुल." मुलाने अजून एकही इंग्रजी शब्द उच्चारलेला नाही. पण तीन वाक्ये त्याच्या हातापायांतून गेली आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात ही ऐकून कृती करण्याची पद्धत मांडली. आज्ञा ऐकायची, शरीराने उत्तर द्यायचे, बोलण्याची सक्ती नाही.

सुटे शब्द टाळा. 'काऊ म्हणजे गाय' असे भाषांतर देत बसू नका. गाय समोर उभी आहे. "लुक, द काऊ इज ड्रिंकिंग" म्हणा आणि थांबा. अर्थ समोर दिसत असताना भाषांतर दिले की मूल मराठी शब्दाचीच वाट बघायला शिकते.

6. पहिले तीन महिने उत्तर मागू नका

नवी भाषा ऐकणारे मूल काही आठवडे, कधी काही महिने, त्या भाषेत बोलत नाही. भाषाशिक्षणात याला मूक काळ म्हणतात. आत भरणे चालू असते. डोंगरउतारावर सलग समतल चर खणल्यावर पहिल्याच पावसात खालच्या विहिरीला पाणी दिसावे अशी अपेक्षा या गावात कोणी करणार नाही. इथेही तेवढाच धीर लागतो.

माझी आखणी साधारण अशी असते. पहिला महिना फक्त पाच आज्ञा: आण, ठेव, उघड, बंद कर, ये. दुसऱ्या महिन्यात त्याच आज्ञांत वस्तू बदला, गोळा केलेल्या यादीतल्या. तिसऱ्या महिन्यात दोन बालगीते हातवाऱ्यांसह, आणि जोडीला निवडीचे प्रश्न: "डू यू वॉन्ट भाकरी ऑर भात?" भाकरीचे भाषांतर करण्याच्या भानगडीत पडू नका, ती कुठेही भाकरीच असते. मुलाने नुसते बोट दाखवले तरी ते उत्तर मानायचे. चौथ्या महिन्यानंतर केव्हातरी ते स्वतःच "नो, भात" म्हणते. तिथून पुढे सोपे आहे.

"याला इंग्रजीत काय म्हणतात, सांग बरं?" हा प्रश्न संपूर्ण वर्षभर बंद. तो प्रश्न भाषेचा नाही, परीक्षेचा आहे.

7. मोबाईलचे काम मोबाईलला, माणसाचे माणसाला

"आम्हाला इंग्रजी येत नाही, मग मोबाईलवर गाणी लावतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकतो की त्यासाठी एक प्रयोग तोंडपाठ सांगतो.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. भाषा होती मॅंडरिन चिनी. मुले होती इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली, नऊ महिन्यांची. एका गटाला मॅंडरिन बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून खेळवले, पुस्तके वाचून दाखवली. अशा 12 बैठका, प्रत्येकी सुमारे 25 मिनिटांच्या, चार आठवड्यांत झाल्या. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले, काहींना नुसते ऐकवले. नंतर मॅंडरिनमधले जवळजवळचे दोन आवाज वेगळे ओळखता येतात का ते तपासले. माणसांबरोबर खेळलेल्या मुलांना ते जमले. पडदा पाहिलेल्यांना काहीही फायदा झाला नव्हता.

प्रयोग तान्ह्या बाळांवरचा आहे. चार वर्षांचे मूल पडद्यावरून काही शब्द उचलते हे खरे. पण शब्द उचलणे आणि ते कोणाशी तरी वापरणे यांत अंतर आहे. म्हणून मोबाईल वापरायचाच तर असा वापरा: पंधरा मिनिटे, आपण शेजारी, एकच गाणे किंवा एकच गोष्ट आठवडाभर, आणि पडदा बंद झाल्यावर तेच गाणे आपल्या तोंडून. आपला उच्चार कसा का असेना.

इंग्रजी अगदीच येत नसेल तर दोन मार्ग. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत संग्रहात एकच चित्रगोष्ट मराठीतही असते आणि इंग्रजीतही. आधी मराठीत तीन-चार दिवस वाचा, मग चित्रे तीच ठेवून इंग्रजी. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकेही स्वस्त असतात. दुसरा मार्ग घरातच आहे. सातवी-आठवीतला दादा किंवा ताई. त्यांना दहा मिनिटे 'सर' व्हायला आवडते आणि धाकट्याला त्यांच्यासारखे बोलायला. फक्त त्यांना सहावा मुद्दा आधी समजावून सांगा, नाहीतर ते पहिल्याच दिवशी परीक्षा घेतात.

8. 'म्हणून दाखव' बंद करा

हिवरे बाजारला पाहुणे खूप. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काळात बंधारे, चर, झाडे यांनी गाव बदलले, त्याची कीर्ती झाली. 2020 च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासूनच काय, त्याच्याही कितीतरी आधीपासून अभ्यासदौऱ्यांच्या गाड्या येतात: शेतकरी, अधिकारी, विद्यार्थी, परदेशी पाहुणेही. म्हणजे इतर खेड्यांतल्या मुलांना न मिळणारी संधी इथे दारात आहे. वेगवेगळ्या तऱ्हेचे हिंदी आणि इंग्रजी, खऱ्या माणसांच्या तोंडून.

आणि नेमकी इथेच चूक होते. पाहुणे दिसले की कोणीतरी मुलाला पुढे ढकलते, "अंकलना पोएम म्हणून दाखव." मूल चड्डीची नाडी पिळत उभे राहते. म्हणाले तर टाळ्या, न म्हणाले तर "लाजतोय हो, घरी सगळं म्हणतो." दोन्हींतून त्याला एकच कळते: इंग्रजी ही लोकांपुढे करून दाखवायची वस्तू आहे.

त्याऐवजी पाहुण्यांच्या वेळी मुलाला काम द्या. पाण्याचा ग्लास नेऊन देणे, चप्पल कुठे काढायची ते दाखवणे, गोठ्यातली कालवड दाखवणे. "वॉटर?" एवढा एक शब्द आणि पुढे केलेला ग्लास, हा पूर्ण संवाद आहे. पाहुण्याने "थॅंक यू" म्हटले की देवाणघेवाण झाली. नाही बोलले तरी ग्लास पोहोचला. घरातल्या मोठ्यांना, विशेषतः आजोबांना, हे आधी सांगून ठेवावे लागते. कौतुकाची घाई त्यांना सर्वांत जास्त असते.

लग्नकार्यातही हाच नियम.

9. मिसळले तर मिसळू द्या

"आई, काऊला वॉटर दे ना, ती थर्स्टी झाली." असे वाक्य ऐकून घाबरणारे पालक स्वतः दिवसभर "मोटर ऑन कर, व्हॉल्व्ह बंद कर, फॅट कमी लागली" म्हणत असतात. मूल दोन्ही डब्यांतून जो शब्द आधी हाताला लागेल तो घेते. वय वाढते तसे डबे आपोआप वेगळे होतात. चूक दाखवू नका. वाक्य पुरे करून परत द्या: "हो का, गायीला तहान लागली? चल, पाणी देऊ." इंग्रजीच्या दहा मिनिटांत असाल तर इंग्रजीत पुरे करा. एवढेच.

10. अक्षरे पाचव्या वर्षानंतर

इथे मी स्वतःची चूक सांगतो. सल्ला द्यायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत मी पालकांना भिंतीवर एबीसीडीचा तक्ता लावायला सांगत असे. मुले सव्वीस अक्षरे घडाघडा म्हणत. मी खूश, पालक खूश. पुढे त्यांतली बरीच मुले 'बी' पाहून 'बी' म्हणत, पण 'बॉल' मध्ये आधी कोणता आवाज येतो हे त्यांना सांगता येत नसे. आम्ही अक्षरांची नावे पाठ करून घेतली होती, आवाज ऐकायला शिकवलेच नव्हते.

म्हणून आधी आवाजाचे खेळ, तेही मराठीतून. "क वरून काय काय? कडबा, कणीस, कोंबडी." मग इंग्रजी शब्दांवर: "बकेट, बॉल, बस. सगळ्यांत आधी काय ऐकू आलं?" शब्दांतले आवाज सुटे करून ऐकण्याच्या या सवयीवर पुढचे वाचन उभे राहते, शाळेत 'फोनिक्स' या नावाने जे शिकवतात, म्हणजे आवाज आणि अक्षर यांची सांगड, त्याचा हा पाया.

मराठी कानाला अडणाऱ्या दोन-तीन जागा लक्षात ठेवा. इंग्रजीत दात ओठावर टेकवून येणारा 'व्हॅन' मधला आवाज आणि ओठ गोल करून येणारा 'वॉटर' मधला आवाज वेगळे आहेत; आपण दोन्ही एकाच 'व' मध्ये बसवतो. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक आपण लिहिताना पाळतो, बोलताना विसरतो. 'फॅन' मधला फ हा 'फळ' मधला फ नाही. हे मुलाला समजावायचे नसते. आपल्याला जमेल तसे म्हणायचे आणि चांगल्या उच्चाराचे एखादे गाणे ऐकवायचे. या वयाचा कान आपल्याहून तल्लख असतो.

चार रेघी वहीवर गिरवणे सहाव्या वर्षापर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही. तोवर बोटांना काम द्या: शेंगा सोलणे, कणकेचे गोळे, मातीचे बैल.

11. एका वेळी एकच नवी भाषा

16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली, जूनमध्ये त्यात बदल झाला, आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचे सरकारने जाहीर केले. त्या दोन-अडीच महिन्यांत पालकांनी मला एकच विचारले: मग आता अंगणवाडीतच हिंदीही सुरू करायची का? नाही. हिंदी टीव्हीतून आणि बाजारातून कानावर पडते, ती पडू द्यावी. ठरवून शिकवायची भाषा एका वेळी एक. ती रुळल्यावर, म्हणजे मूल न विचारता त्यातली छोटी वाक्ये वापरू लागल्यावर, पुढची.

गावातल्या काहींची मुले-सुना परदेशात आहेत, आणि नव्या भाषेचा प्रश्न नातवंडांपुढे तिथेही येतो. सिंगापूरच्या शाळांत मुलांना इंग्रजीबरोबर एक 'मातृभाषा' घ्यावी लागते. त्या यादीत मॅंडरिन, मलय, तमिळ यांच्याबरोबर हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू आहेत, मराठी नाही. त्यामुळे तिथले मराठी घर हिंदी किंवा मॅंडरिनकडे वळते आणि इथल्या आजीला वाटते, आता आपले काय काम? काम तिचेच मोठे आहे. मॅंडरिनमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांसारख्या जोड्यांत श्वासाच्या झोताचा फरक पाळावा लागतो. इंग्रजी माणसाला तो कष्टाने शिकावा लागतो, मराठी मुलाच्या कानात तो जन्मापासून आहे. 'चमचा' मधला च आणि 'चिमणी' मधला च वेगळे ऐकणाऱ्या मुलाला तसलीच जोडी मॅंडरिनमध्ये भेटते. नवे असते ते सुरांचे: एकच 'मा' वरखाली सुरात म्हटले की कधी आई, कधी घोडा. तेव्हा आजीने व्हिडिओ कॉलवर मॅंडरिनची चौकशी करू नये. चिमणीचीच गोष्ट सांगावी, रोज त्याच वेळी, सात-आठ मिनिटे.

12. ओझे झाले हे कसे ओळखायचे

ठरलेली वेळ आली की मूल दुसरीकडे पळते. इंग्रजीत बोलणाऱ्या त्या एकाच माणसाला टाळते. झोपेत दचकते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बोलताना आधी नसलेले अडखळणे सुरू होते. मराठीतही पूर्वीपेक्षा कमी बोलते. यांतले एखादे लक्षण आठवडाभर दिसले तर इंग्रजी पंधरा दिवस पूर्ण बंद. कारण विचारत बसू नका, सुट्टी जाहीर करू नका. नुसते मराठीत बोला. मग निम्म्या वेळाने, नव्या जागी, जुन्याच गाण्याने सुरू करा. अडखळणे तीन-चार महिने टिकले किंवा बोलताना मूल तोंड वाकडे करून जोर लावू लागले तर वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा.

आजारपण, घरात नवे बाळ, कांदा काढणीची धावपळ या दिवसांतही वेळापत्रक सोडून द्यावे. खंड पडल्याने भाषा पळून जात नाही.

13. शाळा सुरू होण्याआधीचे दोन महिने

जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार असेल तर वेगळी तयारी लागत नाही. अहिल्यानगरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचे ठरवले असेल तर मुलाला सहा वाक्ये वापरता आली पाहिजेत: पाणी हवे, शौचाला जायचे आहे, पोटात दुखते आहे, मला कळले नाही, हे माझे आहे, मला मदत करा. रंग, आकार, आठवड्याचे वार यांच्याआधी ही. खेळात बसवा: बाहुली विद्यार्थी, मूल शिक्षक, मग उलट.

प्रवेशाआधी शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना एकच विचारा: मुलाने पहिले काही महिने मराठीत सांगितले तर आपण ऐकून घेता का? उत्तर "हो" असेल तर पुढचे बोलणे करा. "इथे मराठी बोलल्यास दंड आहे" असे अभिमानाने सांगणारी शाळा दिसली तर फी कितीही कमी असो, दुसरी बघा. आणि पहिल्या दिवशी पिवळ्या गाडीत बसवताना मुलाला सांगा, "शू लागली आणि इंग्रजी आठवलं नाही, तर मराठीत सांगायचं. बाईंना मी सांगून ठेवलंय."